उजवीकडचं दूध

आमच्या आजीच्या देवभक्तीच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. मी जिवंत आहे ती सरुबाईमुळे, आणि चिंचवडच्या आमच्या घरात सरुबाईचं नाव कुणी काढत नसे. मला ती कळली आमच्या सुईणीकडून, गोजाबाईकडून, मी मोठी झाल्यावर.

छप्पन्न साली माझा जन्म झाला आणि आठवड्याच्या आत आई तापानं फणफणली. तिचं दूध आटलं. गाईचं दूध मी ओकून टाकी, डब्यातली पावडरही पोटात ठरेना. पंधराव्या दिवशी माझं रडणंही ऐकू येईनासं झालं, तेव्हा आजीनं, म्हणजे मंजुळाबाईंनी, गोजाबाईला पाजणारी बाई शोधायला पाठवलं.

त्या वेळी पिंपरीकडं एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. माणदेशातून आलेला बिरू तिथं पाया खणायचा, त्याची बायको सरुबाई घमेली वाहायची. पदरात चार महिन्यांची पोर, अंगावर मांस म्हणून नाही. तिला बघून गोजाबाईचा धीर सुटला, तरी तिनं विचारलंच.

"तुझ्याच पोरीला पुरतंय का गं?"

"पुरतंय कुठलं, मावशी! दिसभर चोखत ऱ्हाती." सरुबाईनं घमेलं खाली ठेवलं. "पर त्ये लेकरू मरतंय म्हणतासा न्हवं? हाय त्येवढं पाजते. पुरवायचं काम देवाचं, त्यो बघून घील."

ती तशीच निघाली, पोरीला कडेवर घेऊन. आणि आमच्या आजीनं काय करावं? तिला मागच्या दारी थांबवलं, आंघोळ करायला लावली, गोठ्याच्या कडेला पोतं अंथरलं आणि बजावलं, "उजवीकडचं आमच्या बाळाला. त्या बाजूला तुझ्या पोरीचं तोंड लागता कामा नये."

का, तर उजवं शुभ. नात मरायला टेकली होती आणि ही बाई शुभ-अशुभ बघत होती! वर ताकीद अशी, की आमची पिऊन झाल्याशिवाय स्वतःची घ्यायची नाही.

गोजाबाई संतापली. सरुबाई मात्र हसली म्हणे. "दूध देणाऱ्याला डावं-उजवं असतंय व्हय?" एवढंच बोलली आणि मला पदराखाली घेतलं. मला ओढायचीही ताकद नव्हती. दोन दिवस तिनं बोटानं माझ्या ओठांवर थेंब थेंब सोडला. तिसऱ्या दिवशी मी घट्ट धरलं.

तीन-चार महिने ती रोज आली. खायला काय मिळायचं? शिळी भाकरी. फळीवर आईसाठी केलेले मेथीचे लाडू होते, ते तिला द्यावेत हे आजीला सुचलं नाही. वडिलांना सुचलं असेल, पण आजीपुढं त्यांची वाचा बसायची. शेवटी तापातून उठलेली माझी आई स्वतःच्याच घरात चोरासारखी पदराआड लाडू लपवून गोठ्यात जाऊ लागली. पुढं दोन्ही पोरी पोटभर पिऊ लागल्या. सरुबाई म्हणायची, देवानं पुरवलं. माझ्या मते आईचे लाडूही त्या पुरवण्यातच आले.

माझ्या उष्टावणाला आजीनं देवळात चांदीचा पाळणा वाहिला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "देवानं वाचवली हो, दुसऱ्या कुणी नाही."

सरुबाई बाहेर चपलांपाशी बसली होती. गोजाबाई तणतणत तिच्याकडं गेली. "ऐकलंस का?"

"खरंच बोलल्या की. माझं वाईच दूध, त्येनं काय व्हणार व्हतं? देवानं पुरवलं म्हून पुरलं."

देवानं वाचवली, हे सरुबाईनं म्हटलं तर मला मान्य आहे. आपल्या पोरीच्या तोंडचं दूध तिनं देवाच्या भरवशावर मला दिलं, पुरेल की नाही हे ठाऊक नसताना. आजीला ते वाक्य म्हणायचा काय अधिकार? तिनं देवाला चांदी वाहिली ती मी वाचल्यावर!

पुढं बांधकाम संपलं आणि बिरूनं बिऱ्हाड हलवलं. कुठं, ते कुणी विचारलं नाही. पाळणा किती तोळ्यांचा होता हे आजी मरेपर्यंत सांगत राहिली. माझ्याबरोबर वाढलेल्या त्या पोरीचं नाव काय, हे मी घरात एकेकाला विचारून पाहिलं. एकालाही सांगता आलं नाही. गोजाबाईला नक्की ठाऊक असणार होतं, पण विचारायचं मला सुचलं तेव्हा ती जाऊन वर्ष झालं होतं.