तपकीर ओढणाऱ्यांचा पिक्चर

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत आमच्याकडे पाहायला सगळे यायचे. मुंबईचे यायचे, दिल्लीचे यायचे, गळ्यात कॅमेरे अडकवून. पांढरकवड्याच्या रस्त्यावरून गाडी आत वळली की पोट्टे ओरडायचे, "आले रे, फोटोवाले आले!" मग आम्ही कापसाच्या पऱ्हाटीत तोंड पाडून उभं राहायचं, कारण हसलेलं त्यांना चालायचं नाही. माझं डोकं फिरायचं. एकाला मी तोंडावर विचारलं होतं, "काहून जी, आमाले दात नाईत का?"

पण रविवारी दुपारी पाहणारे आम्ही असायचो. केळापूरजवळच्या आमच्या गावात बौद्ध वस्तीचं विहार आहे. वस्तीतल्या एका नोकरीवाल्यानं तिथं टीव्ही आणि सीडीचं मशीन आणून दिलं होतं. दर रविवारी एक पिक्चर लागायचा आणि लगेच सभा बसायची. पिक्चर कसा होता, हे ज्याला सांगायचं त्यानं उभं राहून सांगायचं. पिक्चर आणायचं काम आधी पुरुषांकडे होतं, आणि त्यांनी मारामारीशिवाय काही आणलं नाही. मी बारावी झालेली, वरून फटकळ. भांडभांडून ते काम मी घेतलं. टीव्हीच्या कपाटाची किल्ली कमरेला लागली तेव्हापासून मी वस्तीतून मुद्दाम हळू चालायचे.

एकदा यवतमाळच्या दुकानातून मी एक इंग्रजी सीडी आणली. वर लाल मोटार, लांबलचक रस्ता आणि दोन मित्र. वाटलं, प्रवासाचा आहे, बसल्या जागी परदेश पाहून होईल. इंग्रजी पिक्चर असला की मी टीव्हीजवळ उभी राहून वऱ्हाडीत सांगत जायचे. अर्धं समजायचं, अर्धं मनानं लावून द्यायचे. त्या दिवशी सगळं झकास चाललं होतं. मग त्या दोघांनी गाडी थांबवली, आरशावर पांढरी भुकटी ठेवली आणि नाकानं सर्रकन ओढली.

"काय वं ते?" मागून आवाज आला.

मला तरी काय माहीत! पण सांगणारीनं अडून कसं चालेल? "तपकीर," मी ठोकून दिलं.

बायकांत आनंदीआनंद. म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणींच्या कमरेला तपकिरीची डबी होती. आमच्या शेजारची मोठीआई तर फुलूनच गेली. "पाह्य व माय, गोरे बी ओढते!" पण पुढं त्या दोघांना विजेचे खांब नाचताना दिसायला लागले. एक जण तर मोटारीच्या गळ्यात पडून रडला. मोठीआई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "हे तपकीर नोहे. मी लगनाच्या आधीपासून ओढतो, मले तं एकबी खांब नाचताना दिसला नाई!"

विहार हसून हसून लोळलं. नागपूरला राहून आलेला एक जण तेवढ्यात म्हणाला, "अरे, हे ड्रग्ज हाये, ड्रग्ज." आणि हसणं बंद झालं.

सभा तापली. रिटायर्ड गुरुजी सभा चालवायचे, तेच पहिले उठले. "हे विहार आहे. इथं असलं नशेचं दाखवायचं? पोरं बिघडतील. पुढच्या रविवारपासून हे काम या पोरीकडून काढून घ्या." पोरं म्हणाली, एक नंबर पिक्चर. ऑटोवाला काका म्हणाला, "मले तं रस्ता आवडला ना बावा, एकबी गड्डा नाई!" माझ्या मायलाही राहवलं नाही. "एकानं तरी घरी फोन केला का? जेवले का, झोपले का, कोणाले पत्ता नाई." म्हणजे घरचं मतही विरोधात. काम गेलं असतं तर पुन्हा कोणत्या पोरीला ते मिळालं असतं?

आमच्या सभेचा एक नियम कडक होता. तोंडात खर्रा ठेवून बोलायचं नाही. दाराशी बादली आणि गिलास असायचा. बोलायचं असेल त्यानं खर्रा थुंकून, चूळ भरून यायचं. सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा आमच्या पुरुषांच्या गालात दिवसभर असतो, त्यामुळं बरेच जण मत असूनही मुके राहायचे. माझे बाबा त्यातलेच. सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, आणि आत्ताच त्यांनी ताजा खर्रा गालात भरला होता.

"काम काढून घ्यावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा," गुरुजी म्हणाले. दोन-चार हात वर होतात तोच बाबा उठले आणि बाहेर चालते झाले. लाज वाटून निघाले, असंच मला वाटलं. मग बाहेर चूळ भरल्याचा आवाज झाला, आणि बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत आत आले.

"जय भीम. मले हा पिक्चर बिलकुल आवडला नाई. दोघंबी बह्याड, येडे." विहारात खसखस पिकली. बाबा हसले नाहीत. "पण गुरुजी, वाईट हाये हे आपल्याले पाह्यलं म्हणूनच समजलं ना? सारे लोक आपल्याले पाहाले येते, आपल्याबद्दल बोलून जाते. आपण कोणाबद्दल बोलतो ते इथंच. मारामारीच्या पिक्चरनंतर एवढे लोक बोलले का कधी? पोरगी पिक्चर आणीन, आपण पाहू, नाई आवडला तं शिव्या देऊ. काम तिच्याकडंच राहू द्या."

मग गुरुजींनी उलटं विचारलं, आणि काम राहू द्यावं म्हणणाऱ्यांचे हात वर झाले. पहिला मोठीआईचा, मग मायचा, मग मोजायची गरजच राहिली नाही. गुरुजींचा हात काही वर आला नाही, पण "ठीक आहे" म्हणाले.

माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू! माझ्या निवडीची वाहवा पुढं पुष्कळांनी केली. ज्याला माझा पिक्चर मुळीच आवडला नव्हता, त्या माणसाचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यातल्या कोणाचाच नाही. घरी जाताना मी विचारलं, "बाबा, खरंच नाई आवडला?"

"डोकं उठलं माह्यं," बाबा म्हणाले. "असा पिक्चर परत आणशीन तं मी परत बोलीन."