पूर्वीकरची हयात आई

पूर्वीकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या स्टुलाला मिठी मारून रडत होता. स्टूल तीन पायांचं होतं. चौथा पाय माझ्या वजनाला कंटाळून निवर्तला होता, म्हणून मी ते भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवलं होतं. युद्धावरून परतलेल्या मुलालाही कोणी असं कवटाळलं नसेल. त्याच्या डोळ्यांतून एवढं पाणी वाहत होतं, की नळ कोणी उघडा ठेवला ते बघायला तळमजल्यावरच्या बाई बादली घेऊन बाहेर आल्या.

"पूर्वी," तो हुंदका आवरत मला म्हणाला, "असल्याच स्टुलावर चढून आमची आई माळ्यावरचे डबे काढायची."

"अहो, हे मी परवापरवा मॉलमधून आणलंय."

"असू दे. भावना जुनी आहे."

आणि स्टूल काखोटीला मारून तो वरच्या मजल्यावर, आपल्या नव्या बिऱ्हाडात निघून गेला. त्याचं प्रत्येक वाक्य 'पूर्वी'ने सुरू व्हायचं. आठवडाभरात अख्खी इमारत त्याला पूर्वीकर म्हणू लागली. त्यालाही ते इतकं आवडलं, की त्याने दारावर तशी पाटी लावायची तेवढी बाकी ठेवली.

पूर्वीकर फ्रीलान्स ब्लॉगर होता. त्यातला 'ब्लॉगर' त्याच्या आईला कधी कळला नाही, पण 'फ्री' मात्र चांगला कळला. "फ्री आहेस ना? मग दूध आण." "फ्री आहेस ना? मग गॅसवाल्यासाठी थांब." पन्नाशीचा हा मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा आणि समोर आई भाजी निवडत बसायची. पाहुणे आले की ती आवाज खाली करून सांगायची, "तो घरीच असतो." ऐकणाऱ्याला वाटावं, डॉक्टरांनी हात टेकलेत. कुरिअरवाल्याने तर सगळ्या इमारतीची पार्सलं त्याच्याकडे द्यायचा सोपा रस्ता शोधून काढला होता. त्यामुळे त्याच्या लेखनाच्या टेबलाभोवती दुसऱ्यांच्या चपला, मिक्सर आणि एकदा तर कुणाचा तरी बाथटब मुक्कामाला असे.

पोटासाठी तो 'गादी कशी निवडावी' आणि 'फरशी चकचकीत ठेवण्याचे सोपे उपाय' असले लेख बिननावाने लिहायचा. जीव होता तो स्वतःच्या ब्लॉगवर. तिथे तो लहानपणचं घर लिहायचा: कोळशाच्या इस्त्रीचा वास, साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून केलेली नवी वडी, थोरल्याचा शर्ट उसवून धाकट्याला केलेली चड्डी. चांगलं लिहायचा, खोटं कशाला बोलू? इस्त्रीवरचा लेख वाचून मी स्वतः कपाटातला जुना कोट काढून हुंगला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, तो भाग वेगळा.

मग 'आईची बटणांची बरणी' हा लेख आला आणि पूर्वीकर एका दिवसात गाजला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला, तिसऱ्याला पाठवला आणि शेवटी मलाच चार जणांनी 'वाचाच' म्हणून पाठवला. एका मोठ्या संकेतस्थळाच्या संपादकबाईंचा फोन आला. दर रविवारी स्तंभ, वर नाव, बाजूला फोटो. पूर्वीकर माझ्याकडे धावत आला. "नाव छापणार," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी गाद्या लिहिल्या. गादीवर लेखकाचं नाव नसतं हो!" फोटोसाठी त्याने केसही कापून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मावशीचा फोन आला. तो मात्र आईने उचलला. मी तिथेच चहा पीत होतो.

"कोण बोलतंय?" पलीकडून रडका आवाज आला. मावशी फोनवर इतकी मोठ्याने बोलते, की खरं तर तिला फोनची गरज नाही.

"मी."

"मी कोण?"

"अगं मी, ताई. आवाज विसरलीस का?"

पलीकडून किंकाळी. "ताई, तू आहेस?"

"नसायला काय झालं? भेंडी चिरतेय."

हळूहळू उलगडा झाला. मावशीच्या सुनेने बटणांचा लेख मोठ्याने वाचून दाखवला होता. 'आई तुटकं बटणही टाकायची नाही.' 'आई म्हणायची, शर्ट जातो, बटण राहतं.' 'उन्हात बरणी हलवून आई हसायची.' ऐकता ऐकता मावशीने ताडलं, ताई गेली आणि मेल्यांनी कळवलंसुद्धा नाही. लेखाखाली आणखी शेकडो जणांनी तेच ताडलं होतं. 'माउलीच्या आत्म्याला शांती लाभो.' 'दादा, खचू नका.' पूर्वीकरने सगळ्यांना हात जोडलेलं चित्र टाकून आभार मानले होते. आपलं कौतुक चाललंय असं त्याला वाटलं होतं.

आईने सुरी खाली ठेवली. "वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"टाकायची. म्हणायची. हसायची. ठेवायची," ती म्हणाली. "यची, यची करत पोचवलीस की रे मला."

"आई, लिहायची पद्धत असते ती. जुन्या घराबद्दल लिहायचं म्हटलं की..."

"घर जुनं. मी इथे बसलेय. तुझ्या अंगातल्या शर्टाचं वरचं बटण कोणी लावलं?"

"तू."

"कधी?"

"काल."

"मग?"

मी हसू दाबत होतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि दाबायला हसू उरलं नाही. आपली भाषा मोठी लबाड. एका 'यची'त माणसाला हार घालून भिंतीवर टांगते आणि भेंडी चिरणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही.

"आणि ते उबदार पिवळ्या उजेडाचं स्वयंपाकघर लिहितोस ना," ती पुढे म्हणाली, "त्याला खिडकी नव्हती. म्हणून भरदिवसा दिवा लागायचा. माझे डोळे गेले त्यात. इथे खिडकी आहे. ती लिही. लिही, की मी आहे."

पूर्वीकरने संपादकबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे समजावलं: खुलासा करू नका, वाचक हळवे झालेत, स्तंभाचा सूरच तो आहे. "आईंना काही होऊ नये, शंभर वर्षं जगोत," त्या म्हणाल्या, "फक्त लेखात नको."

दोन दिवस त्याने लॅपटॉप उघडला नाही. कुरिअरवाल्याची पार्सलंही घेतली नाहीत. फोटोत आपण कसे दिसू, हे त्याने मला दोनदा विचारलं आणि उत्तर ऐकलं नाही. मला वाटलं, गडी गप्प बसणार. एवढ्या वर्षांनी मिळालेलं नाव कोण सोडतो? मी असतो तर आईला गोड बोलून दोन रविवार काढले असते.

तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला आणि लिहायचं सोडून आईकडे बघत राहिला. नंतर मला म्हणाला, "अहो, मला तिचं आत्ताचं काही माहीतच नाही. पूर्वीचं सगळं पाठ आहे." मग त्याने बघितलं तेच लिहून ब्लॉगवर टाकलं. आई औषधाच्या पाकिटांवरचा बारीक मजकूर भिंग लावून शेवटपर्यंत वाचते. न गेलेल्या शहरांचं हवामान रेडिओवर ऐकते आणि तिथल्या लोकांची काळजी करते. खिडकीशी बसून बटणं लावते. आई म्हणते, फ्री असशील तर दोरा ओवून दे. एकही 'यची' नाही, सगळं 'ते', 'ते', 'ते'.

माझ्या मते त्याने लिहिलेलं ते सर्वांत चांगलं. वाचक भयंकर चिडले. 'आमच्या भावनांशी खेळ केलात.' 'मी ऑफिसात रडलो होतो, त्याचं काय?' एका बाईंनी तर आईला उद्देशून लिहिलं, की तुम्ही आहात हे कळून वाईट वाटलं. म्हणायचं त्यांना बहुधा वेगळं होतं.

आईने सगळ्या प्रतिक्रिया भिंगातून वाचल्या. "ही बरी माणसं आहेत," ती म्हणाली. "मी नाही म्हणून रडली आणि आहे म्हणूनही रडली."

रविवारचा स्तंभ मात्र सुरू झाला. तो हल्ली दुसरे एक गृहस्थ लिहितात. त्यांची आई खरोखरच वारलेली आहे.