काठावरची लाइट

निवृत्त झाल्यावर लोक तुळजापुरात प्लॉट घेतात, नाहीतर गुडघे बदलून घेतात. मी नाव घेतली. आयुष्यभर भूगोल शिकवताना नैसर्गिक बंदरं आणि कृत्रिम बंदरं फळ्यावर इतक्या वेळा काढली होती, की आपलीही एक नाव असावी असं वाटू लागलं. कुणी अडवायच्या आत मी उजनीच्या काठावरून एक जुनी फायबरची नाव टेम्पोत घालून आणली. तिघं बसतील एवढी, मागं बॅटरीवर चालणारी छोटी मोटार. टेम्पो ढाब्यांवरून जाताना खाटांवरचे लोक उठून उभे राहिले. ते आदरानं उठले असं मी धरून चाललो. बायकोनं नाव पाहिली आणि तुम्हाला पोहता येतं का, एवढंच विचारलं. येत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला नाव तामलवाडीच्या पलीकडच्या साठवण तलावात सोडली. तिथं काठाला लागून एका अक्कांचं रान आहे. अक्का माझ्याच वयाच्या, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात कंपनीत. त्यांच्याकडं दोन म्हशी, थोडा कांदा आणि म्हशींसाठी हिरवं कडवळ. तलावाचं पाणी उचलायची त्यांची मोटार काठावरच होती आणि मोटारीची विजेची पेटी बाभळीच्या खोडाला ठोकलेली होती. नाव बाभळीला बांधू का, असं विचारलं तर बांधा म्हणाल्या. बॅटरी तुमच्या पेटीवर चार्ज करू का, तर करा म्हणाल्या. लाइटीचे पैसे किती द्यायचे, असं विचारल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. त्यांच्या माठातलं पाणी पिऊन मी एका तांब्याचे किती पैसे असं विचारावं, तसं काहीतरी झालं होतं.

इथं माझा स्वभाव सांगितला पाहिजे. मला कुणाचे उपकार पचत नाहीत. शेजारून वाटीभर साखर आली, तर ती वाटी परत जाईपर्यंत मला चैन पडत नाही. कुणी माझ्या चहाचे पैसे दिले, तर पुढचा चहा पाजेपर्यंत मी त्या माणसाची पाठ सोडत नाही. याला मी स्वाभिमान म्हणतो. बायको दुसरं काहीतरी म्हणते, ते इथं लिहीत नाही. सांगायचं एवढंच की, अक्कांच्या लाइटीचं देणं फेडल्याशिवाय त्या नावेत मला सुखानं बसता येणार नव्हतं.

परदेशात बंदरात नाव लावली की काठावर प्रत्येक नावेसाठी विजेची पेटी असते, तिला मीटर असतं आणि नाववाले युनिटप्रमाणे पैसे भरतात, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. झालं. सोलापुरातून मीटर आणलं आणि ते बाभळीला, पेटीच्या शेजारी बसवून घेतलं. ऊनपाऊस लागू नये म्हणून वरून खताची रिकामी गोणी बांधली. तामलवाडीला समुद्र नाही, ही उणीव मी जवळजवळ भरून काढली होती. महिना झाल्यावर मीटर वाचून, पाकिटात पैसे घालून गेलो. अक्का शेण काढत होत्या.

"मोटारीचं बिलच येत न्हाय आता, सर," त्या म्हणाल्या. "मंग तुमच्याकडनं कशाचं घिऊ?"

बिल शेतीसाठी माफ झालंय, माझी नाव शेती करत नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. वर्गात सांगायचो तसं, दोनदा. त्यांनी हात धुतले आणि चहा ठेवला.

पैसे नाहीत तर वस्तू, असं मी ठरवलं. पुढच्या खेपेला पेढ्यांचा डबा नेला. अक्कांनी तो ठेवून घेतला आणि मला हायसं वाटलं. पण आमच्याकडं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. डबा परत आला तो घरच्या तुपानं भरून. मग मी सोलापुरी चादर नेली, तर येताना स्कूटरवर पायाशी कांद्याची गोणी आली. चहापत्ती आणि साखर नेली, तर शेंगा आल्या. दर खेपेला देणं फेडायला जायचं आणि वाढवून घेऊन यायचं, असं हिवाळाभर चाललं. बायको खूश होती. लग्नानंतर मी केलेला हा पहिलाच फायद्याचा धंदा आहे, असं ती बहिणींना फोनवर सांगत असे.

होळी झाली आणि माझा तोल सुटला. पैसे घेणार नसाल तर तुमची लाइट मला नको, असं मी अक्कांना तोंडावर सांगितलं. तुमची मर्जी, असं म्हणून त्या धार काढायला गेल्या. मी चार्जर काढून घरी आणला. बॅटरी घरी आणून चार्ज करता आली असती, पण ती उचलायची तर माझी कंबर तयार नव्हती, म्हणून ती नावेतच राहिली. पहिले काही दिवस होती तेवढी बॅटरी पुरली. त्यानंतर मी संध्याकाळी जाऊन, बाभळीला बांधलेल्या नावेत तत्त्व म्हणून बसत असे. नाव हलत नसे.

मे महिन्यात तलाव आटत आत सरकला. दोर वाढवत आत नेलेल्या माझ्या नावेखाली कसंबसं घोटाभर पाणी राहिलं आणि अक्कांच्या मोटारीच्या पाइपाचं तोंड चिखलात उघडं पडलं. कडवळ माना टाकायला लागलं. ते वाळलं असतं तर म्हशी बाजारात न्याव्या लागल्या असत्या, कारण विकतचा चारा अक्कांना परवडणारा नव्हता. मुलाला रजा मिळेना. तेव्हा अक्कांचा मला फोन आला. पाइप नावेत घालून आत खोल पाण्यात सोडायचा होता, आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीऐवजी दिवसाची होती.

मला इतका आनंद झाला की मी इस्त्रीचा शर्ट घातला. लाइट, तूप, कांदा, शेंगा, सगळ्यांचा एका फेरीत निकाल लागणार होता. काठावर शेजारच्या रानातले दोघे भाऊ आधीच आले होते. त्यांनी पाइप नावेवर चढवला. मी मागं बसलो, घसा साफ केला आणि मोटारीचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. होळीपासून बॅटरी उपाशी होती, हे आनंदाच्या भरात मी विसरलो होतो. चार्ज करायची तर सगळा दिवस गेला असता. वल्ही तर मी नाव विकत घेताना मागासलेली वस्तू म्हणून नाकारली होती. शेवटी दोघे भाऊ चिखलात उतरून नाव ढकलू लागले आणि मी वर नवरदेवासारखा बसून राहिलो. वजन होतंय, उतरा, असं त्यांनी दोनदा नम्रपणे सुचवलं. उतरलो तो मांडीपर्यंत रुतलो. मला बाहेर काढायला अक्का साडीचा काष्टा मारून पाण्यात आल्या. म्हणजे अक्कांचं काम करायला गेलेल्या माझंच काम तिघं करत होते.

जरा पुढं गेल्यावर नाव कशाला तरी अडली. अक्कांनी पाण्यात पाय फिरवून पाहिला आणि हसल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ह्यो आमचा बांध हाय."

तलाव व्हायच्या आधी त्यांचं काळं रान तिथवर होतं. लग्न होऊन आल्या त्या साली त्या बांधाचे धोंडे त्यांनी स्वतः डोक्यावरून वाहिले होते. चांगलं होतं ते सगळं तलावात गेलं, वरचा मुरूम तेवढा राहिला. घरात आधी चूल कुठं होती हे सांगावं, तशा साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. भावांनी नाव उचलून बांधापलीकडं नेली आणि पाइप खोल पाण्यात सोडला. मोटारीनं पाणी ओढलं, आणि थोड्या वेळानं कडवळात पाणी शिरलेलं लांबूनही दिसू लागलं.

मी त्या बांधावरच उभा होतो. मला लाज वाटत होती आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

"म्हणजे दिवाळीपासून माझी नाव..."

"आमच्याच रानात हाय की," अक्का म्हणाल्या.

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्या वाकून हातापायांचा चिखल धूत होत्या.

"तुमी लाइटीचंच इचारत व्हता, सर."