पाणी कुठवर आलं होतं

तिच्या लहानपणी आलेल्या पुरात समुद्राचं पाणी घराघरांत कुठवर चढलं, हे विचारत ती पुराच्या धोक्याचा नकाशा करत होती. लाल पट्ट्यातली घरं सोडावी लागणार होती. शेवटचं घर आईचं.

आईने गुडघ्यावर हात ठेवला. "एवढंच. उगाच लाल फासू नकोस."

"आई, मी बाबांच्या खांद्यावर होते. पाणी त्यांच्या गळ्याशी होतं."

"मोठी आली मोजणारी! एवढीशी तर होतीस."

तेव्हा तिला माळ्यावर चढवून बाबा शेजारच्या म्हातारीला आणायला गेले, ते गेलेच.

"अगं, ते परत आले तर कुठं शोधतील आपल्याला?"

ती उठून भिंतीपाशी गेली. "बाबांचा गळा केवढ्यावर यायचा गं?"

आईचा हात आपसूक भिंतीवर वर गेला आणि तिथेच थांबला.

तिने जमिनीपासून त्या हातापर्यंत टेप लावली.