बाळंतिणीच्या खोलीची शेगडी

सेलूत कडूबाईसारख्या मातीच्या शेगड्या कुणी घडवत नसे, पण गिऱ्हाइकांपायी ती पार बेजार झाली होती. निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या हिवाळ्यात सरकीचे व्यापारी बसवंतराव लेकीच्या बाळंतपणासाठी शेगडी न्यायला आले.

“खोली केवढी हाय, मालक?” कडूबाईनं विचारलं.

“तुला खोलीशी काय करायचंय? सगळ्यात मोठी दे. पोरगी गारठायलीय.”

खोली बघूनच शेगडी घ्यावी, असं कडूबाईनं लय समजावलं, तरी त्यांनी मोठीच नेली. तिसऱ्या दिवशी तेच ओरडत आले, “तुझ्या शेगडीनं लेकीला घेरी आली!”

कडूबाई तशीच उठून त्यांच्या घरी गेली. खोलीत जेमतेम एक बाज मावत होती आणि एकुलती खिडकी चिंध्यांनी बुजवलेली होती. तिनं आधी चिंध्या उपसल्या, मग घरून वीतभर तोंडाची शेगडी आणून बाजेखाली ठेवली. खोलीत बेताची ऊब आली, लेकीच्या तोंडावर तरतरी आली.

“एवढीशीच?” बसवंतराव कुरकुरले. “पाव्हणे काय म्हणतील?”

“पाव्हण्यांचं ऱ्हाऊ द्या, खिडकी तेवढी बुजवू नका!” कडूबाई फणकारली, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःशीच बडबडत राहिली.