ह्यूस्टनच्या बाईंनी विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही, आणि ज्याच्या गाडीतून रोज ऑफिसला जातो त्या मित्रापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं. मला धीट माणूस समजू नका, एवढंच आधी सांगून ठेवतो.

एका एक्सेल शीटपासून सुरुवात करतो. खरी सुरुवात तिथे नाही. पण तिथून सांगायला सोपं जाईल.

आम्ही टेक्सासात, प्लेनोला राहतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. ऋता, माझी बायको, एका बँकेत डेटाचं काम करते. गेल्या वर्षी आमचं बाळ पोटातच गेलं. आठवा महिना नुकताच लागला होता. मुलगी होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही — आणि विषय ती नाहीच, विषय मी आहे.

ऋताच्या डॉक्टरांनी कौन्सेलिंग सुचवलं. पहिल्या थेरपिस्ट चांगल्या होत्या हो, मनानं चांगल्या. पण ऋताचा अर्धा तास त्यांना समजावण्यात जायचा. सासू म्हणजे काय, ती नागपूरला बसून इथल्या स्वयंपाकघरात कशी काय असते, ओटी भरणं म्हणजे काय. चौथ्या वेळी तिनं ग्रहणाचं काढलं. बाळ जाण्याच्या तीन आठवडे आधी टेक्सासवर ते मोठं सूर्यग्रहण झालं होतं ना — त्यात ती बाहेर गेली होती. त्या बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की ग्रहणाचा आणि बाळाचा काही संबंध नसतो, शास्त्र तसं सांगतं. संपलं. दोन मिनिटांत ग्रहण सुटलं.

घरी येऊन ऋता बूटही न काढता सोफ्यावर बसली. म्हणाली, "मला माहीत आहे रे, संबंध नसतो. मी स्टॅटिस्टिक्स शिकलेय. माहीत असूनही वाटतं, ते कुणाला सांगू?"

मराठी कुणीतरी हवं होतं तिला. निदान जिला 'ग्रहण पाळणं' हे शब्द भाषांतर करून सांगावे लागणार नाहीत अशी. शोधायचं बळ तिच्यात नव्हतं. मी म्हटलं, मी शोधतो. आणि शोधलं, मनापासून शोधलं, हे कृपा करून लक्षात ठेवा — किंवा नका ठेवू, त्यानं काही बदलत नाही.

शीट केली. नाव, भाषा, लायसन्स, इन्शुरन्स, शेरा. वेबसाइटवर 'साउथ आशियाई' निवडलं की एक पंजाबी काका यायचे, एक तमिळ बाई यायच्या, आणि एक गुजराती बाई, ज्यांच्याकडे सहा महिन्यांची वेटिंग लिस्ट. मराठी मिळाल्या त्या न्यू जर्सीला, एक फ्रीमाँटला. पण त्यांच्याकडे टेक्सासचं लायसन्स नाही, आणि टेक्सासात बसलेल्या माणसाशी त्यांना व्हिडिओवरसुद्धा काम करता येत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी 'एका मित्रासाठी हवंय' असं लिहून विचारलं. मित्रासाठी! एका काकूंनी योगवर्गाची लिंक पाठवली आणि खाली सहा जणांनी हात जोडले.

तेविसाव्या ओळीत ह्यूस्टनच्या बाई सापडल्या. मूळच्या सांगलीच्या, टेक्सासचं लायसन्स, व्हिडिओवर भेटणाऱ्या. दोन महिने शोधत होतो, म्हणजे बघा, देव पावल्यासारखंच झालं. मी ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला. ऋताला संध्याकाळी चांगली बातमी द्यायची असं ठरवून.

पंधरा मिनिटं बोललो. मी बाळाचं, ग्रहणाचं सांगितलं, त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, बाकीचं मी त्यांच्याकडूनच ऐकेन, त्यांनाच फोन करू दे. गुरुवारी चारची वेळ मोकळी आहे, दोन आठवडे राखून ठेवते. आवाज मावशीसारखा होता. आणि मग अगदी सहज, फोन ठेवता ठेवता, त्यांनी विचारलं, "ग्रहणात बाहेर जायचं कोणाच्या मनात होतं?"

बस. एवढंच. शास्त्र नाही, उपदेश नाही. पहिल्या थेरपिस्टबाईंना चार आठवड्यांत जे दार दिसलंच नव्हतं, ते यांना फोनवर पंधरा मिनिटांत दिसलं. दिसणारच. त्या आपल्यातल्याच ना. सून सातव्या महिन्यात ग्रहणात आपणहून अंगणात जात नाही, हे त्यांना कोणी सांगायला लागत नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. मी म्हटलं, मीटिंग आहे, नंतर करतो. नंतर केला नाही. त्यांचा व्हॉइसमेल आला तो पुसला. आणि शीटमध्ये, तेविसाव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — नवीन पेशंट घेत नाहीत.

संध्याकाळी ऋतानं शीट बघितली. "या पण नाहीत?" एवढंच म्हणाली, आणि लॅपटॉप मिटून पोळ्या करायला उठली.

आता तुम्हाला वाटेल, कबुली दिली, झालं. नाही झालं. हे खोटं दुसरं. पहिलं अजून सांगायचंय, आणि मघापासून मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला होता. ग्रहण पाळ म्हणाली. ऋतानं काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर पडायचं नाही, पडदे लावून आडवं व्हायचं. मी हो हो केलं. ऋता माझ्यापेक्षा शहाणी. ती म्हणाली, आईंना बरं वाटतंय तर राहू दे ना, तेवढाच एक दिवस झोप मिळेल. तिचं जायचं मुळीच मनात नव्हतं. हे वाक्य मी पुन्हा लिहितो — तिचं जायचं मुळीच मनात नव्हतं.

मीच तिला ओढलं. ऑफिसच्या हिरवळीवर सगळी टीम जमणार होती, बायकामुलांसह. असं ग्रहण आपल्या डोक्यावर पुन्हा या जन्मात येणार नाही, असं म्हणालो. सातव्या महिन्यातल्या बायकोला दुपारच्या उन्हात चटईवर बसवून तिच्या डोळ्यांवर तो कागदी चष्मा मी स्वतः लावला. भर दुपारी अंधार झाला तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता. सुंदर होतं ते. तेही खरंच आहे, काय करू?

आईला त्या दिवशी सांगितलं, ती घरी झोपलीय.

पुढे जे झालं त्याचा ग्रहणाशी संबंध नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. मला हे कळतं, तुम्हालाही कळतं. पण हॉस्पिटलमधून आल्यावर तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. कुणीतरी फेसबुकवर टाकलेला ग्रहणाच्या दिवशीचा फोटो तिनं पाहिला होता. रडत होती. ओरडली नाही, ओरडली असती तर कदाचित मी भांडलो असतो. फक्त विचारलं, "बाहेर गेली होती का रे ती?"

मी काय म्हणू शकलो असतो? आई, मी नेलं. तीन शब्द. फार तर आणखी चार — असल्यानं काही होत नसतं. आई माझ्यावर चिडली असती, आठ दिवस बोलली नसती, नवव्या दिवशी 'जेवलास का' म्हणून फोन केला असता. मुलाला आई किती दिवस दोष देते?

मी म्हणालो, "मी नको म्हणत होतो, आई. तिनं ऐकलं नाही."

हे ते. शेजारच्या खोलीत ऋता झोपली होती. तिला दूध येत होतं, डॉक्टरांनी घट्ट बांधून ठेवायला सांगितलं होतं, आणि मी इकडे फोनवर सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडत होतो. हलक्या आवाजात, तिची झोप मोडू नये म्हणून.

महिन्याभरानं आईनं तिला फोन केला. स्पीकरवर होता. आई वाईट नाही हो. तिनं तब्येत विचारली, डिंकाचे लाडू कुणाबरोबर तरी पाठवते म्हणाली. आणि शेवटी, मायेनंच म्हणाली, "बाकी काही नाही गं, निदान त्याचं तरी ऐकायचं होतंस."

ऋतानं माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहत होतो. किती वेळ गेला? तुम्ही एक श्वास घ्या आणि सोडा, तेवढाच. मग ती म्हणाली, "हो आई. चुकलं माझं."

फोन ठेवल्यावर तिनं मला काही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही. तिला कळलं का? कळलंच असणार, ती काय दूधखुळी आहे? पण कळलं असेल तर ती गप्प का? माझी अब्रू राखायला, की आता माझ्याकडून काही ऐकायची अपेक्षाच उरली नाही म्हणून? मला खरंच माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

ती पुन्हा त्या पहिल्या थेरपिस्टकडे जाते, महिन्यातून एकदा. इंग्रजीत. येते, बूट काढते, 'बरं झालं' म्हणते. मी चहा करतो.

यंदा सर्वपित्री रविवारी आली, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण. इथून दिसणारं नव्हतंच, पार दुसऱ्या टोकाला, समुद्रावर कुठेतरी होतं. माझ्या बाबांच्या नैवेद्यासाठी ऋता लाल भोपळा चिरत होती. दुपारी साडेबारा वाजले तसा तिनं फोन बघितला, सुरी खाली ठेवली, हात धुतले.

"आपल्याकडे नाहीये ते," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि आत जाऊन पडदे ओढून आडवी झाली. तिला दिवस गेलेले नाहीत. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी ओट्यापाशी उभा राहून फोनवर ह्यूस्टनच्या बाईंचं पान उघडलं. वरच लिहिलेलं होतं, नवीन पेशंट घेत आहोत. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, माझ्यापासून फार तर दहा पावलांवर. मी पान बंद केलं आणि उरलेला भोपळा चिरला. ग्रहण सुटायला अजून चार तास होते.