मैलकुलीनं साफ केलेली वाट

आबांनी सातव्याच दिवशी बॅग भरली. महिनाभरासाठी आणलेला बाप, आणि म्हणतो काय, "परतीचं तिकीट अलीकडं घे. हितं मला काय काम न्हाई."

माझं डोकं फिरलं. काम कशाला पाहिजे? मी इथे आखातात, गाला भागातल्या एका ऑफिसात रस्त्यांचे नकाशे काढते, अल खौदला फ्लॅट आहे, टीव्हीवर मराठी चॅनेल आहेत. बसा की निवांत! पण आबा आयुष्यभर बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्यांचा. खड्डे भरायचे, गटार मोकळं करायचं, मधे आलेला दगड उचलून टाकायचा. रिटायर झाले तरी दगड दिसला की हात जातोच. आणि इथल्या रस्त्यांवर मेला एक खडा सापडत नव्हता.

म्हटलं, थांबा, तुम्हाला जुना रस्ता दाखवते. शुक्रवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली. तिथून एक वाट वर चढते. पूर्वी गाढवांवर खजूर लादून लोक पलीकडच्या गावाला जायचे. आता ती तुकड्यातुकड्यानं उरलीय, कुठे चार दगडी पायऱ्या, कुठे नुसताच उतार.

आबा खूश! कडेची दगडांची रचाई चाचपून म्हणाले, "चुना न्हाई, सिमेंट न्हाई, तरी हलंना. रचणारा कुनीतरी आमच्यातलाच."

मी फोटो काढत पुढं, ते मागं काहीतरी खुडबुड करत. "यल्ला आबा, यल्ला! चला लवकर!" मी ओरडत होते.

वर पोचून परत फिरलो आणि मी वाटेच्या खुणा शोधायला लागले. वाट कळावी म्हणून वळणावळणावर चारपाच दगड एकावर एक रचलेले असतात. चढताना मी तेच बघत आले होते. आता एकही दिसेना.

"आबा, इथे दगडांचे ढीग होते ना?"

"व्हते की. समदे काढून टाकले," ते ऐटीत म्हणाले. "ऐन वाटंत! कुनाचा पाय अडकला म्हंजी?"

अगं आई गं! मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. फोनला रेंज नाही, बाटलीत दोन घोट पाणी, ऊन चढलेलं. त्या खुणा होत्या हे कळल्यावर आबा मटकन खालीच बसले. अख्ख्या नोकरीत कधी साधी तक्रार आली नव्हती त्यांच्यावर. मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

थोड्या वेळानं ते उठले आणि दगडांवर हात फिरवायला लागले. "हिकडं ये. ह्यो खरबरीत, ह्यो तुळतुळीत. पावलं आन् खुरं घासून झालाय. वाट हीच."

मग ते पुढं, मी मागं. दर वळणावर वाकायचं, हात फिरवायचा, चार पावलं उतरायचं. माझ्या सगळ्या नकाशांनी तोंडं मिटली होती. दुपारी एकला गाडी दिसली तेव्हा मी आबांना घट्ट मिठीच मारली.

गाडीत एसी लावला, त्यांना पाणी दिलं. मग जीव मुठीत धरून विचारलं, "आबा, तिकीट कधीचं काढू?"

ते काचेतून डोंगराकडे बघत होते. "तिकीट ऱ्हाऊ दे. उद्या सुट्टी हाय न्हवं तुला? समदे ढीग परत रचाय पायजेत. त्यो रस्ता आता माझ्याकडं हाय."